बर्फातला जांभळा, आणि तो पाहण्याचा हक्क

आमच्या चित्रकलेच्या वर्गात व्हाइट पोस्टर कलरची बाटली सगळ्यांत आधी संपते. निळा उरतो, हिरवा उरतो, तपकिरी तर वर्षअखेरीस बाटलीतच सुकून खडा होतो. पांढरा मात्र दिवाळीची सुट्टी लागायच्या आत संपलेला असतो. ढगाला पांढरा, धबधब्याला पांढरा, गायीला पांढरा, आणि डोंगराच्या टोकावर बर्फ दाखवायचा असेल तर थरावर थर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना मी बावीस वर्षं निसर्गचित्र शिकवतोय. बर्फ पांढरा नसतो, पाणी निळं नसतं, सावली काळी नसते, हे दर वर्षी सांगतो. मुलं माना डोलावतात आणि पुन्हा त्याच बाटलीत ब्रश बुडवतात. त्यांचं चुकतं असं मला कधी वाटलं नाही. रंग सांगून कळत नाही, तो दिसावा लागतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका दुपारी वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या, शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला आणि भिंतीवर क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं १८९३ सालचं एक चित्र टाकलं. सेन नदी, बेनकूर गावासमोरचा काठ आणि पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे. नववीतली एक मुलगी बाकावरून उठून थेट भिंतीपाशी गेली. तिची सावली अर्ध्या नदीवर पडली. तिथूनच वळून तिने विचारलं, "सर, पांढरा कुठंय?"

मी चित्र मोठं करत गेलो. लांबून जे पांढरंफेक वाटत होतं, त्यात जवळून फिकट जांभळा निघाला, मळकट गुलाबी निघाला, लोण्यासारखा पिवळसर निघाला. बर्फाचा एकेक तुकडा म्हणजे रंगाने भरलेल्या ब्रशचा एकेक आडवा, सपाट फटकारा. काही ठिकाणी ब्रशच्या केसांच्या रेघा जशाच्या तशा राहिलेल्या. झाडांची प्रतिबिंबं खाली उतरणारी, बर्फ आडवा पसरलेला, आणि या दोघांच्या छेदण्यातूनच पाणी तयार झालेलं. पाणी म्हणून वेगळं असं तिथे फारसं काही रंगवलेलंच नाही. वर्ग गप्प झाला होता. मागच्या बाकांवरची, एरवी चित्रकलेच्या तासाला गणिताचा गृहपाठ उरकणारी मुलंही पुढे आली होती.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीने नदीचं चित्र केलं. पांढऱ्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. उजेडाच्या जागी कागद कोरा सोडला आणि भोवतीने अगदी पातळ जांभळट वॉश दिला. माझ्या बावीस वर्षांच्या सांगण्याने जे झालं नव्हतं, ते एका चित्राच्या चांगल्या प्रतीने अर्ध्या तासात केलं.

त्या प्रतीविषयीच मला बोलायचं आहे. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आकार ६६ बाय सुमारे १०० सेंटीमीटर, म्हणजे वर्गातल्या शिक्षकाच्या टेबलाएवढं. लुइझिन हॅवमायर या संग्राहक बाईंनी १९२९मध्ये मृत्युपत्राने आपल्या संग्रहासोबत ते संग्रहालयाला दिलं. आणि ७ फेब्रुवारी २०१७ला त्या संग्रहालयाने, ज्यांवर कुणाचाही हक्क उरलेला नाही अशा आपल्या संग्रहातल्या वस्तूंच्या सुमारे पावणेचार लाख प्रतिमा सगळ्या जगाला मोकळ्या केल्या. नाव नोंदवायला नको, कारण सांगायला नको, पैसे भरायला नकोत. हवी ती प्रतिमा उतरवून घ्या, छापा, वर्गात लावा, पुस्तकात घाला, पिशवीवर छापून विका. त्या एका निर्णयामुळे बेनकूरचा बर्फ माझ्या वर्गाच्या भिंतीवर आला.

माझं म्हणणं सरळ आहे. चित्रकार जाऊन कायद्याने ठरवलेली मुदत उलटली असेल आणि चित्र लोकांच्या पैशावर किंवा लोकांच्या नावाने चालणाऱ्या संग्रहालयात असेल, तर त्याची संपूर्ण तपशिलाची प्रत कुणालाही, कुठेही, फुकट आणि विनाअट मिळाली पाहिजे. संग्रहालयाने मेहेरबानी म्हणून ती देऊ नये. ते त्याचं काम आहे, भिंतीला ओल लागू न देणं जितकं काम आहे तितकंच. आणि ही मागणी पॅरिस-न्यूयॉर्ककडे करायच्या आधी आपण आपल्या गावात केली पाहिजे.

मी आर्ट टीचर डिप्लोमा करत होतो तेव्हा हेच चित्र एका जाडजूड पुस्तकात पाहिलं होतं. पोस्टकार्डाहून लहान, छपाईत सगळं हिरवट झालेलं. बर्फाच्या जागी बुरसटलेल्या भाकरीचे तुकडे तरंगताहेत असं वाटत होतं. इंप्रेशनिझम म्हणजे प्रकाशाचा खेळ, हे वाक्य आम्ही पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि मार्क मिळवले. त्या हिरवट चौकोनात प्रकाश कुठे होता? आमच्या पिढीतल्या कितीतरी कलाशिक्षकांनी अशी न पाहिलेली चित्रं पुढच्या पिढीला शिकवली. मुलं पांढऱ्या बाटलीकडे वळत राहिली, त्याचं मूळ तिथे आहे.

या चित्रामागची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण माझा मुद्दा तिच्यातच आहे.

सेनवरचा बर्फ मोनेने पहिल्यांदा मनापासून रंगवला तो १८८०च्या जानेवारीत. १८७९चा डिसेंबर पॅरिस आणि भोवतालच्या मुलखात भयंकर थंडीचा गेला. पारा शून्याच्या वीस-बावीस अंश खाली उतरला होता. मोने तेव्हा वेतॉय गावात राहत होता. ५ सप्टेंबरला त्याची बायको कामीय गेली होती, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. पदरात दोन मुलगे. त्याच घरात दिवाळं निघालेल्या ओशेदे या आश्रयदात्याचं कुटुंब, त्यांची सहा मुलं. पैसा नाही, चित्रं विकली जात नाहीत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे गोठलेली नदी फुटली. बर्फाच्या लाद्या एकमेकींवर आपटण्याचा गडगडाट सगळ्या गावाने ऐकला. मोने रंगपेटी घेऊन काठावर गेला आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याने त्या फुटलेल्या नदीची एकामागून एक चित्रं केली.

त्यातल्याच एका दृश्यावरून त्याने घरात बसून एक मोठं, नीटस चित्र तयार केलं आणि त्या वर्षीच्या सालोंसाठी पाठवलं. सालों म्हणजे फ्रान्सचं अधिकृत प्रदर्शन. तिथे चित्र लागलं तर चित्रकार जिवंत, नाही लागलं तर मेल्यात जमा. सोबत लाव्हाकूर गावाचं एक उन्हाळ्यातलं दृश्यही पाठवलं होतं. परीक्षकांनी उन्हाळा घेतला आणि बर्फ परत पाठवला. ते नाकारलेलं चित्र आज अमेरिकेत व्हरमाँटमधल्या शेलबर्न संग्रहालयात आहे. ते संग्रहालय काढलं लुइझिन हॅवमायर यांच्या मुलीने, म्हणजे बेनकूरचा बर्फ आईकडून लोकांकडे गेला आणि वेतॉयचा मुलीकडून.

लोकांनी काय पाहायचं हे ठरवणारं दार त्या काळी परीक्षकांच्या हातात होतं. चित्र बरं की वाईट हा प्रश्न नंतरचा, आधी दारातून आत यायला हवं. इंप्रेशनिस्ट म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या मोने आणि त्याच्या सोबत्यांपैकी बहुतेकांनी १८७४पासून आपापली प्रदर्शनं वेगळी भरवली, ती या दाराला कंटाळूनच. आज त्यांची चित्रं संग्रहालयांच्या सर्वांत चांगल्या दालनांत आहेत. आणि दार? दार अजून आहे. आता ते विमानाच्या तिकिटाचं आहे, व्हिसाच्या शिक्क्याचं आहे आणि 'ही प्रतिमा फक्त लहान आकारात उपलब्ध' या ओळीचं आहे.

तेरा वर्षांनी, १८९३च्या जानेवारीत, मोने जिव्हर्नी गावात स्थिरावला होता, घर विकत घेतलं होतं, नाव झालं होतं. नदी पुन्हा गोठली. महिन्याच्या तेविसाव्या दिवशी बर्फ सुटायला लागला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने आपला विक्रेता द्युराँ-रुएल याला पत्रातून तक्रार केली की बर्फ फार लवकर वितळला, हाताशी जेमतेम चार-पाच कॅनव्हास आहेत आणि तेही अपुरे. फेब्रुवारी संपेपर्यंत मात्र त्याने डझनाहून जास्त चित्रं पुरी केली. माझ्या भिंतीवर पडलेलं चित्र त्यांतलंच. वितळणाऱ्या गोष्टीमागे धावताना हात किती घाईत चालला असेल ते त्या आडव्या फटकाऱ्यांत दिसतं. पण जवळून पाहायला मिळालं तरच.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो, कारण तो माझ्याच मित्रांचा आहे. ते म्हणतात, अस्सल चित्र समोर उभं राहूनच पाहावं. पडद्यावर पाहिलेलं चित्र हे चित्रच नव्हे. रंगाचा थर, कॅनव्हासचा पोत, चालताना बदलणारी चमक यांतलं काहीही स्क्रीनवर येत नाही. फुकट प्रती वाटून तुम्ही मुलांना नकलेवर समाधान मानायला शिकवताय.

यातलं पहिलं अर्धं मला मान्य आहे. मी एकदाच आयुष्यात मोनेचं अस्सल चित्र पाहिलंय, दिल्लीत नव्हे, मुंबईत नव्हे, पुतण्याकडे परदेशी गेलो होतो तेव्हा. त्याच्यासमोरून मला हलवेना. रंगाचे उंचवटे खालच्या बाजूला बारीक सावल्या टाकत होते, हे कुठल्याही प्रतीत मी पाहिलं नव्हतं. पण त्या चित्रासमोर मी इतका वेळ का थांबलो? कारण ते मी आधी शंभर वेळा पडद्यावर पाहिलं होतं आणि कुठे पाहायचं हे मला ठाऊक होतं. ज्यांनी प्रत पाहिलेली नव्हती ते लेबल वाचून, फोटो काढून पुढच्या दालनात गेले. प्रतीने माझी अस्सलाची भूक वाढवली होती.

आणि खुद्द मोनेचं काय? जिव्हर्नीच्या त्याच्या घरात, जेवणघरापासून जिन्यापर्यंत, जपानी लाकूडठसे, म्हणजे कोरलेल्या लाकडावरून कागदावर छापलेली चित्रं, लावलेले होते. होकुसाई, हिरोशिगे, उतामारो. त्याच्या संग्रहातले दोनशेहून अधिक ठसे आजही त्या घरात मोजता येतात. हे ठसे जपानात एकुलत्या एका धनिकासाठी केलेले नव्हते. कोरलेल्या लाकडी फळ्यांवरून शेकड्यांनी प्रती निघायच्या आणि सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीला दुकानात विकल्या जायच्या. हिरोशिगेने बर्फात बुडालेली खेडी, पूल, नदीकाठ अशा कागदावर छापले. बर्फासाठी कागद कोरा सोडायचा आणि भोवती करडा-निळा उतरवत न्यायचा, ही त्याची रीत.

मोने जपानला कधीच गेला नाही. जपानचा बर्फ त्याने पाहिला तो स्वस्त कागदी प्रतींवर. आणि त्यातून तो इतकं शिकला की १८९५मध्ये नॉर्वेत गेल्यावर सँडव्हिकनजवळचा बर्फाच्छादित डोंगर त्याला फुजीसारखा दिसला आणि त्याने तसा तो पुन्हा पुन्हा रंगवला. ज्या माणसाने दूरच्या देशाचा बर्फ प्रतींवरून शिकून स्वतःच्या नदीवरचा बर्फ पाहिला, त्याचंच चित्र आपण आज 'प्रतीवरून पाहू नका' म्हणून कडीकुलपात ठेवायचं? माझ्या वर्गातली मुलगी त्याच्या चित्राशी जे करते आहे, ते त्याने हिरोशिगेशी केलं होतं.

प्रतींचं मोल महाराष्ट्राला तरी कुणी शिकवायला नको. रविवर्म्याने १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांच्या, दुकानांच्या, गिरणीकामगारांच्या खोल्यांच्या भिंतींवर पोचल्या. संस्थानिकांच्या दरबारी असलेली तैलचित्रं ज्यांना आयुष्यात दिसली नसती, त्यांना छापील चित्र मिळालं. त्यात मूळच्या रंगाचं काय व्हायचं ते झालं, पण सामान्य माणसाच्या घरात चित्र आलं.

आणि अजिंठा. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४पासून वर्षानुवर्षं लेण्यांत राहून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे मुंबईचे विद्यार्थी हिवाळ्यांत लेण्यांत मुक्काम करून पुन्हा प्रती करत राहिले. तयार झालेल्या प्रती लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५मध्ये तिथेही आग लागून शंभरेक नष्ट झाल्या. जे. जे.च्या मुलांनी मशालीच्या आणि आरशाच्या उजेडात मान मोडून केलेलं काम, आणि त्यांच्याच गावच्या लोकांना ते पाहायला मिळालं नाही. उरलेल्या प्रती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. लेण्यांतला मूळ रंग त्यानंतरच्या काळात आणखी झिजला आहे, त्यामुळे काही ठिकाणी प्रत आज अस्सलापेक्षा जास्त सांगते. प्रती एकाच जागी साठवल्या की एका ठिणगीत जातात. हजार ठिकाणी असल्या की राहतात.

दुसरा आक्षेप कायद्याचा म्हणून मांडला जातो. चित्रकार जुना असेल, पण त्याच्या चित्राचा फोटो नवा आहे, म्हणून फोटोवर संग्रहालयाचा हक्क. ऐकायला ठीक वाटतं. पण सपाट चित्राचा हुबेहूब फोटो काढण्यात फोटोग्राफरचं कसब हेच असतं की त्याचं स्वतःचं काही त्यात दिसू नये. दिवे दोन्ही बाजूंनी सारखे लावायचे, रंगपट्टी ठेवून रंग जुळवायचे, चमक मारायची. हे कष्टाचं, शिकून यावं लागणारं काम आहे आणि त्याचा पगार चांगलाच मिळाला पाहिजे. पण त्यातून नवी निर्मिती होत नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९मध्येच हे म्हटलं. युरोपीय संघाने २०१९च्या कॉपीराइट निर्देशात, मुदत संपलेल्या दृश्यकलाकृतीच्या हुबेहूब प्रतीला नवं संरक्षण नाही, हे कलमच घातलं. मोने १९२६मध्ये वारला. आपल्या कायद्यातली, मृत्यूनंतरची ६० वर्षं धरली तरी १९८६ संपताच त्याची चित्रं सगळ्यांची झाली.

तरीही संग्रहालयं वेगळ्या वाटेने अडवतात. प्रतिमा लहानच ठेवायची, मोठीसाठी करारावर सही घ्यायची. खुद्द फ्रान्समध्ये याचं फार बोलकं उदाहरण आहे. वेतॉयच्या त्या हिवाळ्यातली चित्रं पॅरिसमध्ये सेनच्या दोन्ही काठांवर आहेत. उजव्या काठावर पती पाले, म्हणजे शहराच्या नगरपालिकेचं संग्रहालय. तिथे मोनेचा १८८०चा, लाव्हाकूरजवळच्या हिवाळी नदीवरचा सूर्यास्त आहे. डाव्या काठावर ओर्से, म्हणजे राष्ट्रीय संग्रहालय. तिथे वेतॉयची फुटलेली नदी आहे. जानेवारी २०२०मध्ये नगरपालिकेच्या संग्रहालयांनी एक लाखाहून अधिक प्रतिमा पूर्ण मोकळ्या केल्या. राष्ट्रीय संग्रहालयांची पद्धत मात्र अशी राहिली की छापण्याजोगी मोठी प्रत हवी असेल तर सरकारी फोटोसंस्थेकडे जा आणि वापराप्रमाणे पैसे मोजा. चित्रकार एक, नदी एक, थंडी एक. फरक एवढाच की एक चित्र नगरपालिकेकडे गेलं आणि दुसरं सरकारकडे. ओर्सेत तर २०१०पासून प्रेक्षकांना स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचीही बंदी होती, ती २०१५मध्ये उठली. बंदी उठल्याने त्या चित्रांचं काय बिघडलं?

पैशाचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळणार नाही. संग्रहालय चालवायला पैसा लागतो आणि प्रतिमांची फी हे एक उत्पन्न आहे. पण ही फी गोळा करायला माणसं लागतात, करार तयार करावे लागतात, कोण कुठे काय छापतंय याच्यावर नजर ठेवावी लागते. आणि फी भरणारे असतात कोण? बहुतेक वेळा छोटे प्रकाशक, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, दिवाळी अंकांचे संपादक, शाळा. मोठी जाहिरात कंपनी एखाद्या चित्रासाठी अडून बसत नाही. ज्यांनी चित्राविषयी लिहावं, बोलावं, शिकवावं असं संग्रहालयाला वाटायला हवं, नेमक्या त्यांच्याकडूनच आपण हा कर वसूल करतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२मध्ये चित्रं मोकळी केली आणि लोकांना त्यांचं काहीही करा म्हणून सांगितलं. त्याच्या दारातली रांग काही आटली नाही.

काही वस्तूंना ही मोकळीक लागू होऊ नये, हेही मी मानतो. एखाद्या आदिवासी समाजाची पूजेची वस्तू, जी ठरावीक माणसांनी ठरावीक वेळीच पाहायची असते, ती संग्रहालयात पोचली म्हणून जगभर फिरवायला ते संग्रहालय मालक नाही. तिथे त्या समाजाला विचारलं पाहिजे आणि तो नको म्हणाला तर विषय संपला. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे तीही रास्तच आहे, तिथे रंगाच्या जिवाचा प्रश्न आहे. पण निसर्गचित्र? चित्रकाराने ते काढलं लोकांना दाखवण्यासाठी, नाकारलं गेलं तेव्हा तो कळवळला तो ते लोकांपर्यंत पोचलं नाही म्हणून.

'कुठल्या फ्रान्सचा बर्फ, आपल्या मुलांना काय करायचाय?' असं मला एका पालकांनी विचारलं होतं. रागाने नाही, खऱ्या कुतूहलाने. मी त्यांना म्हटलं, दादा, बर्फ नाही करायचा, पाहायचं कसं ते करायचंय. माघातल्या सकाळी हरभऱ्याच्या शेतावर दहिवर पडतं, ते पांढरं असतं का? उन्हाची तिरीप आली की त्यात काय काय दिसतं? ज्या मुलाने एकदा बर्फातला जांभळा पाहिला, त्याला दहिवरातला दिसतो. एरवी त्याच्यासमोर रोज असूनही दिसत नाही. ते हसले, म्हणाले, उद्या बांधावर जाऊन बघतो.

आणि इथे मी आपल्या दारात येतो.

कोल्हापूरला आबालाल रहिमान नावाचे चित्रकार होऊन गेले. जे. जे.मध्ये शिकून ते गावी परतले, राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आधार दिला, आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठावर राहून त्यांनी आयुष्यभर पाण्यावरचा उजेड रंगवला. पहाटेचा, ढगाळ दुपारचा, दिवेलागणीचा. मोने सेनवर होता त्याच काळात हा माणूस तळ्याच्या काठावर आपल्या आपण त्याच प्रश्नाशी झुंजत होता, की पाण्याला स्वतःचा रंग नसतो तर ते रंगवायचं कसं. १९२२मध्ये महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात बुडवली, अशी आठवण कोल्हापुरात अजून सांगतात. १९३१मध्ये ते वारले. उरलेल्यांपैकी काही चित्रं टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहेत, काही खासगी घरांत. आजच्या कायद्यातली ६० वर्षं धरली तरी १९९१ संपल्यापासून ती सगळ्यांची आहेत.

ती पाहायची तर कोल्हापूर गाठावं, नाहीतर एखाद्या पुस्तकातल्या छपाईवर भागवावं. मेट्रोपॉलिटनमधल्या नदीत मी ब्रशच्या केसापर्यंत शिरू शकतो. माझ्या घरापासून एसटीने अडीच तासांवर असलेल्या चित्रकाराच्या तळ्यात तसं शिरायची सोय नाही. हे उलटं आहे.

मी एकदा खटपट केली होती. एका संग्रहालयाकडे एका जुन्या मराठी चित्रकाराच्या निसर्गचित्राची प्रत वर्गात दाखवण्यासाठी मागितली. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज, मुख्याध्यापकांची सही, वापराचा हेतू, शुल्काची पावती. सात महिन्यांनी प्रत आली ती मोबाईलच्या पडद्याएवढी, आणि मधोमध आडवा वॉटरमार्क. तो नेमका पाण्यावरून गेला होता. मोठं करून पाहिलं तर अक्षरांच्या कडा आणि चौकोन-चौकोन. तिथल्या कर्मचाऱ्यांचं मला वाईट वाटलं, कारण ते नियमाप्रमाणे वागले. नियमच असा आहे की वस्तू जपायची म्हणजे झाकायची.

आपल्याकडे साधनं नाहीत असंही नाही. देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तूंची डिजिटल नोंद करण्यासाठी 'जतन' नावाची प्रणाली तयार झाली ती पुण्यातच, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत. म्हणजे यंत्रणा उभारण्याची अक्कल आणि हात आपल्याकडे आहेत. राहतो तो एक शासननिर्णय. राज्याच्या, नगरपालिकांच्या, विद्यापीठांच्या आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या ट्रस्टच्या ताब्यातली, मुदत संपलेल्या चित्रकारांची चित्रं घ्या. त्यांचे नीट दिव्यांत, रंग जुळवून फोटो काढा. त्यासाठी कला महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या, काम शोधत फिरणाऱ्या मुलांना पगार द्या. प्रतिमा पूर्ण आकारात ठेवा, वॉटरमार्क काढून टाका, खाली मराठीत चित्रकाराचं नाव, साल, माप, माध्यम लिहा आणि 'कुणीही वापरा' एवढी एक ओळ. एखादा पूल बांधायच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. हळदणकर, परांडेकर, बाबूराव पेंटर यांची नावं आम्ही मुलांना सांगतो तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, हा त्या चित्रकारांवरचा अन्याय आहे, आणि मुलांवरचा त्याहून मोठा. ज्यांच्या मुदती अजून संपायच्या आहेत त्यांच्या वारसांशी बोलावं लागेल. बरेच जण आनंदाने हो म्हणतील, असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात ती मुलगी, आता अकरावीत आहे, शाळेत भेटायला आली. बेनकूरच्या चित्राची मी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून फ्लेक्सवर मोठी प्रत काढून वर्गात लावली आहे, तिच्यापुढे उभी राहिली. मी तिला आबालालांविषयी सांगितलं, कोटितीर्थाविषयी, बुडवलेल्या चित्रांविषयी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, त्यांनी पाण्यावर उजेड दाखवायला कागद कोरा सोडलाय का पांढरा लावलाय?"

मला सांगता आलं नाही. ज्या पुस्तकात मी ती चित्रं पाहिली आहेत, त्यातल्या छपाईत ते कळत नाही.